थकलेल्या दिवसाच्या तीन ओळी



हळदीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कोणाला उसंत नसते. काढणी, शिजवणे, वाळवणे, मग हिंगोलीचा नाहीतर वसमतचा बाजार. अशा आठवड्यात कोणी म्हणाले, "रोज रात्री एक हायकू लिहा," तर आपण हसू. थकलेल्या माणसाला असले रिकामपणाचे उद्योग परवडतात का?

हायकू ही तीन ओळींची जपानी कविता. मूळ भाषेत ती पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनींची असते. शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी ती मराठीत रुजवली. तिला अलंकार लागत नाहीत आणि उपदेश सोसत नाही. जे पाहिले, तेवढेच तिच्यात येते.

प्रश्न आहे तो पाहण्याचाच. थकवा आधी आपली नजर काढून घेतो. हातपाय चालत राहतात. पण समोरचा माणूस माणूस राहत नाही, उरकायचे काम होतो. दिवस मावळतो आणि आपण कोणालाच नीट पाहिलेले नसते. रात्री तीन ओळी लिहायच्या असतील, तर दिवसात एकदा तरी थांबून पाहावे लागते.

ही सुखवस्तूंची चैन नव्हे. जपानी कवी मासाओका शिकी (१८६७-१९०२) क्षयाने अखेरची वर्षे अंथरुणाला खिळले होते. तेथूनही ते हायकू लिहीत राहिले. दूर कशाला, आपल्या नर्सीच्या संत नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण आहे. पहाटे जात्यावर ओवी रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांपेक्षा जास्त कोण थकले असेल?

तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, कविता ही विश्रांतीची जागा घेत नाही. दुःखावरच्या उपायांत संत थॉमस अक्विनास यांनी झोप आणि स्नानही सांगितले आहे. डोळे मिटत असतील, तर वही बाजूला ठेवून झोपावे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समजा, आपण लिहिले :

हळद शिजली;
नखांतला पिवळा रंग
भाकरीला लागला.

ओळी जमल्या म्हणून आपण समाधानाने वही मिटली, तर त्या बाईचे कष्ट आपण फक्त वापरले. तिची मजुरी वेळेवर मिळाली का? दुपारी तिला सावली होती का? हे प्रश्न हायकूत मावत नाहीत. पण तिला खरोखर पाहिले असेल, तर ते मनात उठल्यावाचून राहत नाहीत. न उठले, तर आपण तिला पाहिले नाही, फक्त चित्र पाहिले.

या आठवड्यात आपण प्रयत्न करून पाहू. रोज तीन ओळी, साध्या, कोणाला न दाखवण्याच्या. शनिवारी रात्री वही उघडून एवढेच तपासू : ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्याशी आपले वागणे काही बदलले का? ओळी चांगल्या झाल्या की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.