बांध आणि वेदी



मंठ्याच्या शिवारात पेरणीचे दिवस आले म्हणजे बांधाच्या वीतभर मातीवरून सख्खे भाऊ अबोला धरितात. आणि रविवारी तेच दोघे मंदिरात एका सतरंजीवर बसून प्रभुभोजन घेतात. हे पाहून आमचे अंतःकरण दुखते.

ज्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले, त्या रे. नारायण शेषाद्रींचे स्मरण करा. १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे आला होता. परंतु मुंबईच्या न्यायालयाने त्या मुलास पित्याच्या स्वाधीन केले. विश्वासापायी त्यांना भावाचा वियोग सोसावा लागला. आपणांस तर देवाने भाऊ शेजारीच दिला आहे, आणि आपण त्यास बांधापायी गमावतो!

अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू मत्तय ५:२३-२४ येथे सांगतो. अपराध कोणाचा हे ठरेपर्यंत थांब, असे तो म्हणत नाही.

तर येत्या प्रभुभोजनापूर्वी भावाच्या ओसरीवर जा आणि त्याच्या घरचे तांब्याभर पाणी मागून प्या. उपदेशकांनो, निवाडा करण्याआधी दोघांस घेऊन प्रार्थना करा. बांध मोजणीने ठरेल. भाऊ मात्र क्षमेनेच परत मिळेल.