उठवायची परवानगी कुणाला?

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक २६.

कॉम्प्युटर स्लीपवर टाकला की थोड्या वेळात आपोआप जागा होतो, हा अनेकांचा वैताग. स्लीपमध्ये तो पूर्ण बंद नसतो. मेमरीला वीज चालूच असते, आणि माऊस, नेटवर्क कार्ड, टायमर यांपैकी ज्याला परवानगी दिलेली आहे तो त्याला उठवतो. म्हणून विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी लास्टवेक' ही कमांड देऊन आधी विचारायचं, शेवटचं कुणी उठवलं? मग त्याची परवानगी काढायची.

भगवंत म्हणतात, चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून त्याला आवरून आत्म्याकडे आणावं. म्हणजे ते कुठे गेलं, हे आधी बघणं आलंच.

पण सगळ्यांचीच परवानगी काढायची का? ध्यानाला बसल्यावर परभणीहून आईचा फोन आला तर? आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी नामदेवांच्या घरची कामं करता करताच विठ्ठल आळवला. कामाची हाक त्यांनी बंद केली नाही. मला वाटतं, कुणाच्या हाकेला उठायचं हे कळणं, हाच संयम.

आज झोपण्याआधी एवढंच तपासा : मनाला शेवटचं कुणी उठवलं? लाइकनं, की गरजवंतानं?