कीव की कृतज्ञता?



एखादा दुःखी माणूस भेटला की आपण मनात हात जोडतो, "देवा, मला तू बरे ठेवलेस." ही कृतज्ञता आहे का? दुसऱ्याच्या तोट्यात आपला नफा पाहणे, हा तर नुसता हिशेब झाला.

तंजावूर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात. त्याच जिल्ह्यात, कावेरीच्या सुपीक प्रदेशात पापनाशम आहे. १८९० साली जन्मलेल्या रामय्यांचे वडील ते लहान असतानाच गेले. आई मुलांना घेऊन त्रावणकोरला गेली. १९१० मध्ये तीही गेली. मग हा तरुण देवळोदेवळी भजने गात फिरला आणि पापनाशमला भावाकडे आला. अंगाला भस्म, हाती काही नाही. पण त्या भागातील लोकांनी त्याला 'बिचारा' म्हटले नाही, 'शिवन्' म्हटले! तेच थोर रचनाकार पापनाशम शिवन्.

त्यांचे 'एन्न तवम् सेय्दनै' अवश्य ऐका, तमिळ कळत नसले तरी. विषय आहे यशोदेचे भाग्य. आईवडिलांचे छत्र हरपलेला माणूस एका आईच्या भाग्याचे नवल करतो, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही. जे आपल्या वाट्याला आले नाही, त्याबद्दलही त्यांना आनंद वाटू शकला. आपल्याला तर आपल्याच ताटातले दिसत नाही.

उद्या स्टेशनवर किंवा रुग्णालयाच्या रांगेत असे कोणी भेटले, तर पैसे देण्याआधी क्षणभर थांबा. त्यांचे नाव विचारा. त्यांना एखादे भजन येते का, तेही विचारा.