शब्दाचें माप

दिलेला शब्द देणाराच्या मनांतील अर्थानें पाळावयाचा, कीं घेणारा ज्या अर्थावर विसंबला त्या अर्थानें? आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ हें हुतात्मा बाबू गेनू यांचें गांव. तेथील एखाद्या शेतकऱ्यानें जुन्या काळीं परगांवच्या सोयऱ्याकडून दहा पायल्या बाजरी उसनी आणली, असें समजूं. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हें कोष्टक दोघांनाही पाठ; परंतु शेराचें माप मात्र ठिकठिकाणीं निराळें. फेडीच्या वेळीं त्यानें आपल्या गांवच्या पायलीनें दहा मापें घातलीं, आणि ती पायली लहान निघाली, तर त्यानें शब्द पाळला कीं मोडला?

हा प्रश्न पायलीबरोबर इतिहासजमा झाला, असें कोणी समजूं नये. संगणकांत संख्या ठेवण्याचें घर ठराविक चौकटींचें असतें, व एका चौकटींत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. उणे व अधिक अशा दोन्ही संख्या ठेवावयाच्या, तर सोळा चौकटींच्या घरांत मोठ्यांत मोठी संख्या ३२,७६७. बत्तिसांच्या घरांत २,१४,७४,८३,६४७. 'सी' नांवाची संगणकभाषा पूर्णांकाच्या घराला 'इंट' म्हणते. ३२,७६७ पर्यंतची हमी ती सर्वत्र देते; त्याहून अधिक किती, हें ज्या त्या यंत्रावर सोंपविते. मोठ्या मापाच्या यंत्रावर काम करणारा मनुष्य त्या घरांत ४०,००० निर्धास्तपणें ठेवतो. तीच आज्ञावली सोळा चौकटींच्या यंत्रावर नेली, म्हणजे त्या ४०,००० चे बहुधा उणे २५,५३६ होतात, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं! येथें भाषेनें खोटें सांगितलेलें नाहीं. लिहिणारानेंच आपल्या गांवचा रिवाज जगाचा कायदा मानला.

असल्या समजुतीची किंमत लहान नसते. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांनीं नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंतील आज्ञावली एरियन-४ वरून घेतलेली होती. आडव्या वेगाशीं निगडित असलेली एक संख्या सोळा चौकटींत मावेल, असें तींत गृहीत होतें. जुन्या बाणाच्या मार्गापुरतें तें खरेंही होतें. नव्याचा वेग अधिक, म्हणून संख्या मावली नाहीं. जुनें गृहीत लबाडीचें नव्हतें. त्याची शीव मात्र नव्या ठिकाणीं कोणीं तपासली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, माप एकच ठरवा. 'जावा' भाषेनें तसें केलें. तिचा इंट सर्वत्र बत्तीस चौकटींचा. 'पायथन' भाषेंत तर पूर्णांक यंत्राची स्मृति पुरेल तोंवर वाढतो. दोन्ही उपाय चांगले. परंतु संख्या एका घरांतून दुसऱ्या घरांत जाऊं लागली कीं मूळ प्रश्न पुन्हां दारांत उभा राहतो.

तात्पर्य, मर्यादा असणें हा दोष नव्हे; ती अव्यक्त ठेवणें हा दोष होय. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे ६४ ऐवजीं १०० पैसे झाले, तेव्हां सरकारनें त्या नाण्याला 'नया पैसा' म्हटलें, आणि १९६४ सालीं 'नया' हा शब्द गाळला. शब्द तोच राहून माप बदललें, हें दोन अक्षरांनीं बाजारांतल्या अडाणी मनुष्यालाही कळविलें.

म्हणून शेतकऱ्यानें सोयऱ्याच्या पायलीनेंच फेड करावी, असें आम्हांस वाटतें; कारण ज्या मापानें धान्य घरांत आलें, तें त्याला ठाऊक होतें. देणारानें आपलें माप सांगावें. नेणारानें शीव ओलांडण्यापूर्वीं तें विचारावें. दोघेही गप्प राहिले, तर तूट बहुधा तिसऱ्याच्याच पदरीं पडते, आणि त्यानें तर पायली पाहिलेलीही नसते.