घेणाऱ्याचा वाटा

विजेची मोटार शेजारून जाते तेव्हा आवाज जवळजवळ नसतो आणि धूर तर नसतोच. पेट्रोलच्या मोटारीचे पाप नाकाला झोंबते. हिचे कोठेच जाणवत नाही. एकूण हिशेब मांडला तर तिच्यामुळे हवेत जाणारा कर्बवायू कमी होतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जे आपल्या दारात दिसत नाही ते दुसऱ्या कोणाच्या दारात तर नाही ना, हे विचारणे चांगल्या वस्तूच्या बाबतीत अधिकच अगत्याचे असते. कारण तिच्या चांगुलपणाच्या आड पुष्कळ काही लपू शकते.

अशा मोटारींच्या अनेक बॅटऱ्यांत कोबाल्ट लागतो. जगात निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तेथे यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणी आहेत. त्याचबरोबर कोल्वेझीच्या आसपास हजारो माणसे हातोडा आणि पहार घेऊन, आधार न दिलेल्या अरुंद विवरांत उतरून खनिज काढतात. दक्षिण काँगोतील खाणींवर सुमारे ४०,००० मुले राबत असल्याचा युनिसेफचा २०१४ सालचा अंदाज होता. पोत्यांतून आलेला हा माल दलालाच्या वखारीत एका ढिगात पडतो, पुढे बहुतांशी चीनमधील कारखान्यांत शुद्ध होतो, आणि बॅटरीत पोहोचेपर्यंत कोणता कण कोणाच्या हातचा हे सांगणे अशक्य होते.

मग जबाबदार कोण? खाणीत मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या कुटुंबांनी २०१९ साली वॉशिंग्टन येथे काही बड्या अमेरिकन कंपन्यांवर दावा लावला. २०२४ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुरवठ्याच्या साखळीतून माल विकत घेणे म्हणजे त्या उद्योगात भागीदार होणे नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. कायदा येथे थांबतो. नीतीला मात्र येथे थांबता येत नाही.

मनुस्मृतीविषयी आपले मत कितीही कठोर असो, आणि तसे ते असावयास सबळ कारणे आहेत, तिच्या पाचव्या अध्यायात मांसासंबंधी एक मार्मिक यादी आढळते. वधाला संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच तेथे घातक मानले आहेत. न्यायालयाने सोडलेला गिऱ्हाईक येथे मारणाऱ्याच्या पंगतीत बसतो. पण या यादीतही एक अडचण आहे. सर्वांचा दोष सारखाच मानला, तर प्रत्येकाला उरलेल्या सातांकडे बोट दाखवून मोकळे होता येते.

म्हणून दोष आणि दायित्व यांत भेद करावयास हवा. दोष घडून गेलेल्या कृत्याकडे पाहतो. दायित्व हे, काय करणे कोणाला शक्य आहे, यावरून ठरते. मुलाला घेऊन विवरात उतरणाऱ्या बापापुढे दुसरा मार्ग नसतो. नाही म्हणण्याचे, विचारण्याचे, चार पैसे अधिक मोजण्याचे स्वातंत्र्य ज्याला जितके अधिक, तितके त्याचे दायित्व अधिक. हे स्वातंत्र्य खाणीकडून गिऱ्हाइकाकडे वाढत जाते, आणि माहिती मात्र त्याच वाटेने घटत जाते. साखळीतील खरे अनिष्ट ते हेच. ज्याला करता येते त्याला ठाऊक नसते.

ठाऊक करून घेणे मात्र अशक्य नाही. याच काँगोत दुसरा लिओपोल्ड राजाच्या राजवटीत (१८८५–१९०८) रबरासाठी माणसांचा अनन्वित छळ झाला; तेव्हाही ते रबर युरोपातील सायकलींच्या आणि मोटारींच्या टायरांना हवे होते. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्प बंदरात त्याच्या ध्यानात आले की काँगोहून जहाजे रबर आणि हस्तिदंत घेऊन येतात व परत जाताना मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा नेतात. मोबदला जात नाही त्या अर्थी हे रबर सक्तीने काढलेले आहे, हे त्याने ओळखले. काँगोत पाऊल न टाकताच त्याने १९०४ साली चळवळ उभी केली, आणि चार वर्षांनी राजाला ती सत्ता सोडावी लागली.

कोणी म्हणेल, आता लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या निघाल्या आहेत. भारतातील पुष्कळ विजेच्या मोटारींत त्याच असतात आणि त्यांत कोबाल्ट मुळीच नसतो. मग आपले हात स्वच्छ झाले! हात स्वच्छ होतीलही. पण आपण कोबाल्ट सोडला एवढ्याने कोल्वेझीचा मुलगा शाळेत जात नाही. त्याच्या बापाची मजुरी तेवढी जाते. ज्याच्या कष्टावर काही काळ आपली सोय झाली, त्याच्याकडे पाठ फिरवणे ही ऋणाची फेड नव्हे. त्या विवरांना आधार देणे, मोठ्यांना पोटापुरता भाव देणे आणि मुलांना तेथून बाहेर काढणे, यांचा खर्च वस्तूच्या किमतीत धरला गेला पाहिजे, आणि तो आपण कुरकुर न करता मोजला पाहिजे.

युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीतील खनिजांच्या उगमाची चौकशी बंधनकारक करणारा कायदा केला. ते बंधन २०२५ मध्ये लागू व्हावयाचे होते. ते २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आले. कारखानदारांना तयारीला वेळ हवा होता. विवरात उतरणाऱ्याला मात्र अशी मुदतवाढ मागण्याची सोय नाही.