थांबायचं कुठे

जपानी पद्धतीचं नितळ सूप घरी करायला तासभर पुरतो आणि त्यातलाही बराचसा वेळ हात मोकळेच असतात. फोडणी नाही, परतणं नाही, वाटण नाही. पाणी, कोम्बू नावाचं सुकवलेलं समुद्री शेवाळ, कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाचे किसलेले पापुद्रे, मीठ आणि थोडा सोया सॉस, एवढंच सामान. पण सामान कमी म्हणून काम सोपं होत नाही. इथे काही बिघडलं तर ते झाकायला मसाला नाही, तेलाचा तवंग नाही, दाटपणा नाही. वाडग्याचा तळ दिसतो, तशी करणाऱ्याची घाईही दिसते. हे सूप मी मनापासून करते ते चवीसाठी, आणि तितकंच एका शिकवणीसाठी. योग्य क्षणी थांबणं हेही स्वयंपाकातलं कसब आहे, हे मला या सुपाइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या पदार्थाने सांगितलं नाही.

सुपाचा जीव त्याच्या दाशीत असतो. दाशी म्हणजे कोम्बू आणि कात्सुओबुशी यांचा अर्क उतरलेलं पाणी. लिटरभर पाण्याला साधारण १० ग्रॅम कोम्बू घ्यायचा. त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी नसते. ते मॅनिटॉल, कोम्बू सुकताना वर आलेलं. म्हणून तो धुवायचा नाही, ओलसर फडक्याने हलकेच पुसायचा आणि गार पाण्यात निदान अर्धा तास ठेवायचा. चामड्यासारखा कडक तुकडा हळूहळू सैल होतो, त्याच्या घड्या उलगडतात आणि पाण्याला अगदी फिकट पिवळसर छटा येते. मग मंद आच. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की कोम्बू बाहेर काढायचा. पाणी खळखळू दिलं तर त्याचा चिकटपणा आणि उग्र वास पाण्यात उतरतो. त्यानंतर पाणी उकळीला आणून गॅस बंद करायचा आणि वीसेक ग्रॅम कात्सुओबुशी वर सोडायची. पापुद्रे क्षणभर तरंगतात, आक्रसतात, मग एकेक करून खाली बसू लागतात. मिनिट-दोन मिनिटांत मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. फडक्यात अडकलेलं पाणी सोडून द्यायला जिवावर येतं, हात पिळायला शिवशिवतात. पण पिळायचं नाही. आपोआप ठिबकेल तेवढंच आपलं.

क्योटोत राहत असताना शेजारच्या आजींच्या ओट्याशी उभी राहून मी हे पाहिलं. शिकवताना त्या फार बोलल्या नाहीत. त्यांनी मला एकाच पातेल्यातली चव वेगवेगळ्या टप्प्यांवर घ्यायला लावली. नुसत्या कोम्बूचं पाणी मऊ लागतं, जिभेवर पसरतं, पण त्याला टोक नसतं. कात्सुओबुशी पडली की धुराचा वास येतो आणि चवीला खोली येते, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग आजींनी मीठ घातलं, अगदी थोडं. तीच दाशी एकदम जागी झाली. आधीच्या दोन्ही चवी आता वेगळ्या ओळखू येत होत्या आणि एकत्रही वाटत होत्या. पुढचं मीठ घालायला चमचा उचलण्याआधी त्यांनी पुन्हा चाखलं आणि चमचा खाली ठेवला. तो खाली ठेवलेला चमचा हाच माझा धडा होता.

जिभेला जे कळलं, त्यामागचं कारण रसायनशास्त्राने विसाव्या शतकात शोधलं. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बूच्या अर्कातून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि दाशीच्या त्या विशिष्ट चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. त्यातूनच पुढच्या वर्षी अजिनोमोटो बाजारात आलं. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड ओळखीची झाली, तिचं मूळ या नितळ पाण्यात आहे. इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा घटक ओळखला. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, ती कित्येक पट होते. म्हणून समुद्रातली ही दोन रूपं, एक शेवाळाचं आणि एक माशाचं, एका पातेल्यात शतकानुशतकं एकत्र येत राहिली. स्वयंपाकघराला ही जोडी प्रयोगशाळेच्या फार आधीपासून ठाऊक होती.

माझा तासभर पुरतो याचं खरं कारण मात्र दुसरंच आहे. बाकीचे महिने दुसऱ्या कुणीतरी दिलेले असतात. होक्काइदोच्या उत्तर टोकाजवळ रिशिरी बेट आहे. तिथला नैसर्गिक कोम्बू दोन वर्षांनी काढणीला येतो. उन्हाळ्यात लहान होड्यांतून तो काढतात आणि दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उन्हात पसरतात. एदो काळात कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं उत्तरेकडचा कोम्बू जपानच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे आणत, आणि समुद्रापासून दूर असलेल्या क्योटोची पाककला त्यावर उभी राहिली. कात्सुओबुशीचं काम याहून चिकाटीचं. कागोशिमा प्रांतातल्या माकुराझाकीसारख्या गावांत बोनितो मासा चिरून, शिजवून, चिमट्याने एकेक काटा काढून, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा सुकवतात. उत्तम प्रतीच्या कात्सुओबुशीवर त्यानंतर मुद्दाम बुरशी धरवतात, ऊन देतात, पुन्हा बुरशी धरवतात. यात महिने जातात आणि शेवटी लाकडाच्या ठोकळ्यासारखा कडक तुकडा हाती येतो. ही बुरशी माशातलं पाणी ओढून घेते आणि चरबीही फोडते. माशाची असूनही दाशीवर तेलाचा तवंग येत नाही, तो यामुळे. फ्रेंचांचं नितळ सूप, कॉन्सोमे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने निवळून घ्यावं लागतं. इथे निवळायला काही नसतं, गढूळ होईल असं काही आधीपासूनच होऊ द्यायचं नसतं. इतक्या हातांनी इतकं सांभाळून आणलेलं सामान शेवटच्या पाच मिनिटांत मी खळखळून उकळावं, हे मला त्या सगळ्यांच्या कष्टाचा अनादर केल्यासारखं वाटतं.

पुण्यात हे सूप करताना पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं आणि कोम्बूची चव मृदू पाण्यातच नीट उतरते. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर अर्क अडतो. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, तेव्हा मी आरओचं पाणी घेते आणि फरक जिभेला कळतो. कोम्बू आता पुण्या-मुंबईत आशियाई सामानाच्या दुकानांत मिळतो.

आमच्या घरी सासूबाई शाकाहारी. त्यांच्यासाठी वेगळी तडजोड करावी लागत नाही, कारण जपानच्या बौद्ध मठांची स्वतःची शाकाहारी दाशी आहे. कोम्बू आणि सुकवलेले शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजत ठेवले की सकाळी तिची तयारी झालेली असते. शिताकेतलं ग्वानिलेट कोम्बूतल्या ग्लुटामेटशी इनोसिनेटसारखंच जुळतं. झेन गुरू दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. स्वयंपाक हीच साधना मानणाऱ्या परंपरेत आचाऱ्याचं पद मानाचं होतं. सासूबाईंना या दाशीत लिंबाच्या सालीचा वास आवडतो आणि त्या वाटीभर आणखी मागून घेतात.

वाडगा मांडण्याचीही रीत आहे. एक मुख्य घटक, त्याच्या जोडीला एखादी भाजी आणि वर सुवासासाठी काहीतरी. मुख्य घटक म्हणून मी टोफूचा चौकोन किंवा एखादी उकडलेली कोळंबी ठेवते, जोडीला पालकाची दोन पानं. जपानात वरून युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीचा तुकडा घालतात, मी लिंबाच्या सालीची पातळ चकती घेते, आतला पांढरा भाग काढून, नाहीतर कडवटपणा येतो. ६०० मिलिलिटर दाशीला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा फिकट रंगाचा उसुकुची सोया सॉस चार जणांना पुरतो. उसुकुची रंगाने फिका असला तरी नेहमीच्या सोया सॉसपेक्षा खारट असतो, त्यामुळे हात जपूनच लागतो. जपानात हे सूप लाखेच्या झाकणाच्या वाडग्यात येतं. वाफेने घट्ट बसलेलं झाकण सुटावं म्हणून वाडग्याच्या कडा अलगद दाबायच्या. झाकण उघडताच आधी वास येतो, मग नजर तळापर्यंत जाते आणि सूप वाडग्यालाच ओठ लावून प्यायचं. चमचा नसतो.

एवढं जपून थांबल्यावर फडक्यात राहिलेल्या चवीचं काय, हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर दुसऱ्या दाशीत आहे. वापरलेला कोम्बू आणि पापुद्रे पुन्हा पाण्यात घालून दहाएक मिनिटं मंद उकळायचे, आणि इथे मात्र फडकं निःसंकोच पिळायचं. नारळाचं पहिलं दूध सोलकढीला आणि दुसरं आमटीला, तसाच हा हिशेब. ही दुसरी दाशी मिसो सूपला, भाज्या शिजवायला उत्तम. उरलेला कोम्बू बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवला की भाताबरोबर तोंडीलावणं होतं.

म्हणजे पहिल्या वेळी थांबणं हे हात आखडता घेणं नव्हतं. राहिलेलं वाया जाणार नाही याची खात्री होती, म्हणून तिथे थांबता आलं. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ही खात्री मोलाची वाटते. एकाच पातेल्यातून सगळं एकदम काढून घ्यायची घाई सोडली की पहिलं सूप नितळ राहतं आणि दुसऱ्या दाशीतल्या भाजीलाही तिचा वाटा मिळतो.