नदीचा उतार

सेलूहून जालन्याला जाऊन पुढे भोकरदनच्या वाटेला लागलं, की त्या भागात केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. तेव्हा तो ३४ वर्षांचा मेजर जनरल होता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, १८२८मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. तरीही आपली सर्वांत सरस कामगिरी कोणती, असं विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतलं, असं सांगतात.

शाळेत मला एवढंच कळलं होतं, की आपण हरलो. ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आमचा मुलूख निजामाचा आणि निजाम १७९८पासून इंग्रजांचा दोस्त. सेलूच्या माणसाने नेमकं कोणासाठी हळहळायचं, हे इतकं सोपं नाही.

पण मला आज त्या लढाईतल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. समोर केळना नदी. पलीकडे कितीतरी मोठी फौज, शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीकडे सात हजारांच्या आत-बाहेर माणसं. वाटाडे सांगत होते, इथे जवळपास उतार नाही. त्याने पाहिलं, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ गावं असतील तर माणसांचं येणं-जाणं असणारच, म्हणजे उतार असणारच. तो होता. फौज तिथून पार झाली. संध्याकाळपर्यंत त्याचीच दीड हजारांहून जास्त माणसं मेली वा जखमी झाली होती.

दुधनेच्या काठी वाढलेल्या मला हा तर्क फार आवडला. सोयरिकी, बाजार, दळण, बाळंतपणं यांसाठी माणसं नदी ओलांडतात, हे त्याने दुरून ओळखलं. माणसांचं जगणं त्याला कळत होतं. १८०० साली कर्नाटकात धोंडिया वाघ त्याच्याशी लढताना मारला गेला, तेव्हा त्याचा लहान मुलगा वेलस्लीच्या हाती लागला. त्या पोराला त्याने सांभाळलं आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला.

मग अडतं कुठे? अडतं माझ्यापाशी. मी पंधरा वर्षं कापसाची खरेदी केली. माल बघण्याआधी मी माणूस बघायचो. शेतकऱ्याच्या पिशवीतून लग्नपत्रिका डोकावत असली, तर मला कळायचं, हा आज गाडी परत नेणार नाही. मग मी म्हणायचो, ‘काका, ओल जास्त आहे.’ भाव पाडून मागायचो आणि तो द्यायचा. मला त्याची अडचण त्याच्या भावांपेक्षा चांगली समजत होती. तीच माझी कमाई होती.

आपण मुलांना सांगतो, दुसऱ्याला समजून घ्यावं. जणू समजणं हाच सद्गुण. पण कणव आणि डाव एकाच ठिकाणाहून निघतात. मला आता एक साधी कसोटी सुचते: जे मला त्याच्याबद्दल कळलं, ते त्याला तोंडावर सांगून हाच सौदा करता आला असता का? ‘काका, घरात लग्न आहे, म्हणून कमी देतो,’ असं मी म्हणू शकलो असतो का?

लढाईत ही कसोटी लावणं भाबडेपणाचं ठरेल. शत्रूला सांगून कोणी नदी उतरत नाही. वेलस्लीचा न्याय करायचा तर तो इथे का आला होता, इथून सुरू करावं लागेल.

पण मी लढाईत नव्हतो. समोरचा माणूस मला काका म्हणू देत होता.